थकलेली पोटगी आणि अडवलेली भेट: एका घटस्फोट प्रकरणाचा अभ्यास

कुटुंब न्यायालयात येणाऱ्या बहुतेक दाव्यांत तीन मागण्या एकाच वेळी पुढे येतात: विवाह संपवावा की नाही, कोणी कोणाला किती पैसे द्यावेत आणि मुलांनी कोणाजवळ राहावे. पक्षकार तेच असतात, रागही तोच असतो, आणि म्हणून ज्याची चूक सिद्ध होईल त्याने पैसेही गमवावेत आणि मुलेही गमवावीत, असे दोन्ही बाजूंना मनापासून वाटत असते. कायद्याची रचना तशी नाही. घटस्फोटात वर्तन तपासले जाते, पोटगीत एकाची गरज आणि दुसऱ्याची ऐपत पाहिली जाते, आणि ताब्याच्या प्रश्नात मुलाचे हित सोडून दुसरे काहीही निर्णायक ठरत नाही. हे तीन निकष एकमेकांत मिसळले की काय होते, हे पुढील प्रकरणावरून दिसावे.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. त्यातील कुटुंब, रकमा आणि घटनाक्रम कल्पित आहेत; कायद्याच्या तरतुदी आणि उल्लेखिलेले निवाडे खरे आहेत. पक्षकार हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कक्षेत येणारे आहेत. विशेष विवाह कायद्याखाली झालेल्या अथवा मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी व्यक्तिगत कायद्यांखालील विवाहांत घटस्फोटाची कारणे आणि कार्यपद्धती वेगळी असते. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे पोटगीविषयीचे कलम १४४, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५, आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ या दोन्ही तरतुदी पक्षकारांचा धर्म न पाहता लागू होतात.

वस्तुस्थिती

विवाहाला अकरा वर्षे झालेली. पती एका कारखान्यात अभियंता, पत्नी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर. पहिल्या बाळंतपणानंतर तिने नोकरी सोडली. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. सासरच्या मंडळींशी खटके, पतीचे खर्चावर कडक नियंत्रण आणि एका भांडणात झालेली धक्काबुक्की यानंतर पत्नी जून महिन्यात दोन्ही मुलांसह दुसऱ्या शहरात, आईवडिलांकडे, राहायला गेली. पती महिन्याला बारा हजार रुपये पाठवीत राहिला आणि महिन्यातून दोनदा रविवारी मुलांना भेटत राहिला.

ऑक्टोबरमध्ये पतीने आपल्या शहरातील कुटुंब न्यायालयात घटस्फोटाची याचिका दाखल केली. तिच्यात दोन कारणे होती: क्रूरता आणि त्याग. दुसरे कारण टिकण्यासारखे नव्हतेच, कारण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ नुसार याचिकेच्या लगत आधी सलग किमान दोन वर्षे त्याग असावा लागतो आणि येथे पत्नीला घर सोडून जेमतेम चार महिने झाले होते. तरीही ते घातले गेले. अशा भरतीच्या कारणांनी याचिका मजबूत होत नाही. उलट समोरच्या बाजूला पहिल्याच परिच्छेदात सहज खोडता येईल असा मुद्दा मिळतो आणि उरलेल्या कथनाची विश्वासार्हताही कमी होते.

समन्स मिळाल्यावर पत्नीने डिसेंबरमध्ये त्याच कायद्याच्या कलम २४ आणि २६ खाली स्वतःसाठी व मुलांसाठी अंतरिम पोटगीचा अर्ज केला. कलम २६ मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयी आहे. कलम २४ खालील अर्ज पत्नीप्रमाणेच पतीलाही करता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुढे उच्च न्यायालयात अर्ज करून पत्नीने याचिका स्वतःच्या शहरात वर्ग करून घेतली. लहान मुले सांभाळत दुसऱ्या शहरात तारखांना जाणे किती अवघड आहे, याचा विचार अशा अर्जांत सहसा होतो.

एप्रिलमध्ये मुलगा तापाने आजारी होता म्हणून पत्नीने एका रविवारची भेट नाकारली. तो खरोखरच आजारी होता, तरीही पतीने भेट मुद्दाम अडवली असे मानले आणि त्या महिन्यापासून पैसे पाठवणे थांबवले. त्यावर पत्नीने पुढची प्रत्येक भेट नाकारली. जुलैपर्यंत ना पैसा पोहोचला, ना बाप मुलांना भेटला. दोघांच्याही शपथपत्रांत एकच वाक्य फक्त बाजू बदलून होते: आधी तिने थांबवले, आधी त्याने थांबवले.

भेटीचा अर्ज

या प्रकरणाची गाठ येथे आहे. पतीने मे महिन्यात मुलांच्या भेटीसाठी आणि मुलीच्या ताब्यासाठी अर्ज केला. पत्नीच्या कैफियतीतील मुख्य हरकत अशी होती की, जो बाप मुलांच्या दुधाचे आणि फीचे पैसे देत नाही त्याला भेटीचा हक्क मागण्याचा अधिकार नाही. ऐकायला हे न्याय्य वाटते आणि असे म्हणणाऱ्या स्त्रीची कोंडी खरी असते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कायद्याने या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. थकलेली पोटगी वसूल करण्यासाठी स्वतंत्र मार्ग आहेत: हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८अ नुसार आदेशाची अंमलबजावणी, पगारावर जप्ती, अगदी शेवटचा उपाय म्हणून कसुरदाराचा बचाव काढून टाकणे (म्हणजे त्याचे म्हणणे विचारात न घेता दावा चालवणे), आणि कलम १४४ खालील आदेश असेल तर वॉरंट व एक महिन्यापर्यंतचा कारावास. (त्या कलमाखाली वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत हातून निसटल्याने अनेक स्त्रियांचे नुकसान होते, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवली आहे.) मुलांची भेट थांबवणे हा वसुलीचा मार्ग नाही. तीच गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवता येत नाही. त्यासाठी आदेशाच्या पालनाचा अर्ज, बुडालेल्या भेटी भरून देण्याची मागणी आणि वारंवार अडवणूक झाली तर ताब्याचा फेरविचार असे उपाय आहेत.

याचे कारण असे की भेट ही बापाला मिळणारे बक्षीस नाही. आई आणि वडील या दोघांचे प्रेम व सहवास मिळणे हा मुलाचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० च्या एका निकालात स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेव्हा व्हिडिओ कॉलवरून संपर्क राहावा, हेही त्यात नमूद आहे. त्याच न्यायाने पोटगीतील मुलांचा हिस्सा हा आईवर केलेला उपकार ठरत नाही. दोन्ही गोष्टींचे खरे मालक मूल आहे, आणि भांडणाच्या भरात त्याच्या वतीने दोन्हींचा सौदा चाललेला असतो.

न्यायाधीशांनी मुलांना आधी विवाह समुपदेशकांकडे पाठवले आणि नंतर मुलीशी आपल्या दालनात, वकील व पालक यांना बाहेर ठेवून, बोलणे केले. पालक व पाल्य कायदा, १८९० च्या कलम १७ नुसार समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मूल मोठे असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. विचारात घेणे आणि मूल म्हणेल तसाच आदेश करणे यांत फरक आहे. या मुलीला तीन गोष्टी नेमक्या माहीत होत्या: पुढची तारीख, आजोबांनी वकिलाला दिलेली फी आणि वडिलांकडे थकलेल्या पैशांचा आकडा. वडिलांना का भेटायचे नाही, असे विचारल्यावर तिने तोच आकडा सांगितला. सायकल चालवायला कोणी शिकवले, असे विचारल्यावर मात्र ती बराच वेळ वडिलांविषयीच बोलत राहिली. समुपदेशकांनी अहवालात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आणि मूल शिकवून पाठवले आहे असा शेरा मारण्याचे टाळले. ते मला योग्य वाटते. मुलाला कोणी बसवून पढवले नसेल, तरी घरात फोनवर दिवसरात्र चालणारे बोलणे त्याच्या कानावर पडते, आणि आईवर ठपका ठेवून त्यात सुधारणा होत नाही.

धाकट्या मुलाच्या बाबतीत वादाला फारशी जागा नव्हती. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ नुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. मात्र ‘सामान्यतः’ याचा अर्थ अपवाद नाही असा होत नाही, आणि मूल पाच वर्षांचे झाल्याबरोबर ताबा आपोआप बापाकडे जातो, असाही होत नाही. त्याच कलमात वडिलांना पहिले नैसर्गिक पालक म्हटले आहे, त्याचा आधार पतीच्या वकिलांनी घेतला. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन प्रकरणात या तरतुदीचा अर्थ लावताना आईचे पालकत्व दुय्यम मानण्यास नकार दिला आहे आणि याच कायद्याच्या कलम १३ ने मुलाचे कल्याण सर्वांवर ठेवले आहे.

पतीचे उरलेले मुद्दे पत्नीच्या स्वभावाविषयी होते: ती तापट आहे, सासूशी उद्धट बोलते, कारणाशिवाय घर सोडून गेली. हे क्रूरतेच्या कारणाखाली तपासण्याचे विषय आहेत. पत्नी म्हणून कमी पडणे आणि आई म्हणून अयोग्य असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. व्यभिचाराचा आरोप हेसुद्धा आईला ताबा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. मुलांची शाळा, लसीकरणाच्या नोंदी, रोजची निगा यांत कोठेही उणीव दाखवता आली नाही, तेव्हा दावा चालू असेपर्यंत दोन्ही मुले आईकडे राहतील असा आदेश झाला.

भेटीचे वेळापत्रक टप्प्याटप्प्याने वाढवले गेले. पहिल्या चार भेटी महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी न्यायालयाच्या आवारातील बालकक्षात, दोन तासांच्या. त्यानंतर रविवारी सकाळी दहा ते सायंकाळी सहा वडिलांसोबत बाहेर. तीन महिन्यांनी शनिवारचा मुक्काम. दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीचा अर्धा भाग वडिलांकडे, एक दिवसाआड रात्री पंधरा मिनिटे व्हिडिओ कॉल. मूल आजारी असेल तर आदल्या दिवशी डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवायचा आणि बुडालेली भेट पुढच्या आठवड्यात द्यायची, असे एक कलम त्यात होते. एप्रिलमध्ये एवढी एकच ओळ कोठे तरी लिहिलेली असती तर पुढचे तीन महिने वाया गेले नसते. बालकक्षातील भेटी मुलांना अवघड जातात; भिंतीवर चित्रे असली तरी बाहेर पोलीस, वकील आणि तारखेला आलेली माणसे असतात. म्हणून त्या चारवरच थांबवणे महत्त्वाचे होते.

पोटगीचे गणित

अंतरिम अर्जांविषयी सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल आज देशभर पाळला जातो. त्यानुसार दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता, कर्जे आणि खर्च यांचे सविस्तर शपथपत्र विहित नमुन्यात द्यावे लागते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मंजूर होते. आणि एकापेक्षा जास्त कायद्यांखाली आदेश असतील तर आधी मिळालेली रक्कम सांगावी लागते व ती पुढच्या आदेशात जमेस धरली जाते.

पतीने शपथपत्रात हाती येणारा पगार ५०,००० रुपये दाखवला. पगारपत्रक जोडलेले होते आणि त्यातील आकडा खोटा नव्हता. एकूण पगार १,१८,००० रुपये. प्राप्तिकर, व्यवसाय कर आणि सक्तीचा भविष्य निर्वाह निधी मिळून २०,००० रुपये वजा. त्यानंतर ऐच्छिक भविष्य निधी १२,०००, पतपेढीच्या कर्जाचा हप्ता १०,००० आणि घराच्या कर्जाचा हप्ता २६,००० रुपये. न्यायालये सहसा कायद्याने सक्तीच्या वजावटीच मान्य करतात. बचत आणि स्वतःच्या मालमत्तेसाठी घेतलेले कर्ज हा पैशाचा विनियोग आहे, त्याने ऐपत कमी होत नाही. ऐच्छिक निधीची रक्कम तर याचिका दाखल झाल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून वाढवलेली दिसत होती. म्हणून ऐपत ९८,००० रुपये धरली गेली आणि घराच्या हप्त्याचा फक्त काही अंशी विचार झाला.

पत्नीच्या शपथपत्रातही उणीव होती. उत्पन्नाच्या रकान्यात तिने ‘निरंक’ लिहिले होते, पण बँकेच्या खातेउताऱ्यात एका औषध दुकानाकडून दरमहा १४,००० रुपये जमा होत होते. अर्धवेळ काम म्हणजे नोकरी नव्हे, असे तिचे स्पष्टीकरण होते. त्यामागे भीती होती: कमाई दिसली तर पोटगी मिळणारच नाही. ही भीती चुकीची आहे. कमावणाऱ्या पत्नीचा पोटगीचा हक्क आपोआप संपत नाही. सासरी असताना होते त्या राहणीमानाला ते उत्पन्न पुरते का, एवढेच पाहिले जाते. शिक्षण आहे म्हणून ती कमवू शकते आणि ती प्रत्यक्ष कमवते, या दोन बाबी एक नाहीत, आणि मुलांसाठी सोडलेल्या नोकरीची वर्षे पदवी दाखवून भरून निघत नाहीत. म्हणजे खरे सांगून तिचे नुकसान झाले नसते. लपवल्यामुळे मात्र उलटतपासणीत तिला उत्तर देता आले नाही आणि खोट्या शपथपत्राबद्दल कारवाई करण्याच्या पतीच्या अर्जाला विनाकारण तोंड द्यावे लागले. या दोन शपथपत्रांत दोघांनीही समोरच्याची फसवणूक करण्यापेक्षा स्वतःचेच नुकसान जास्त केले, असे माझे मत आहे.

ऑक्टोबरमध्ये आदेश झाला: पत्नीला दरमहा १२,००० आणि प्रत्येक मुलासाठी ११,०००, एकूण ३४,००० रुपये, अर्जाच्या तारखेपासून. पगाराच्या २५ टक्के हा काही निवाड्यांत आलेला दाखला पतीने पुढे केला होता. तो एक ठोकताळा आहे. कायद्यात असे कोणतेही ठरीव प्रमाण नाही. कलम २४ खालील अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो; येथे दहा महिने लागले. त्या दहा महिन्यांचे ३,४०,००० रुपये होतात. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत पतीने स्वतःहून पाठवलेले ४८,००० रुपये वजा जाऊन थकबाकी २,९२,००० रुपये ठरली. त्यांपैकी ९२,००० रुपये महिन्याभरात आणि उरलेले दोन लाख दहा समान हप्त्यांत द्यायचे होते. एप्रिलमध्ये पैसे थांबवताना बारा हजारांचा प्रश्न होता.

तडजोड

कुटुंब न्यायालये कायदा, १९८४ च्या कलम ९ नुसार तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. भेटी सुरळीत सुरू झाल्या, थकबाकीचे हप्ते वेळेवर येऊ लागले, आणि त्यानंतरच मध्यस्थीत काही बोलता येण्यासारखी स्थिती निर्माण झाली. पत्नीची सर्वांत मोठी अपेक्षा पतीच्या नावावरील घरात निम्मा हिस्सा ही होती. हिंदू विवाह कायद्यात विवाहकाळात घेतलेल्या मालमत्तेची घटस्फोटात निम्मी वाटणी करण्याची तरतूद नाही, हे तिला प्रथम येथे कळले. सामायिक घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कायद्याने मिळतो. मालकी मिळत नाही. स्त्रीधन मात्र संपूर्णपणे तिचेच असते, आणि त्याची दागिन्यांच्या वजनासह यादी करून ते परत करण्याचे ठरले.

घराचा मुद्दा कायम पोटगीच्या रकमेत विचारात घेतला गेला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खालील रक्कम ठरवताना काय पाहावे, याची चर्चा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा केली आहे: दोघांची सामाजिक व आर्थिक स्थिती, पत्नी व मुलांच्या रास्त गरजा, शिक्षण व रोजगार, कुटुंबासाठी सोडलेली नोकरी, पतीवरील इतर जबाबदाऱ्या. येथे १८,००,००० रुपये एकरकमी ठरले. निम्मे परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या पहिल्या अर्जाच्या वेळी, निम्मे अंतिम हुकूमनाम्याच्या दिवशी, दोन्ही वेळा धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने). मुलांची पोटगी यातून वेगळी ठेवली गेली: प्रत्येकी १२,०००, दरवर्षी सात टक्के वाढ, उच्च शिक्षणाचा खर्च निम्मा-निम्मा. पतीकडील पहिल्या मसुद्यात एकरकमी रकमेतच मुलांचे सर्व हक्क भागले, असे वाक्य होते. ते काढायला लावणे आवश्यक होते, कारण आईला स्वतःचा दावा सोडता येतो. मुलांचा पोटगीचा हक्क तिला सोडून देता येत नाही.

क्रूरतेची याचिका परस्पर संमतीच्या, म्हणजे कलम १३ब खालील, याचिकेत बदलून घेण्यात आली. संमतीपत्रात एकमेकांवरील सर्व आरोप मागे घेतल्याची नोंद आहे. या कलमानुसार पहिल्या व दुसऱ्या अर्जात सहा महिन्यांचे अंतर अपेक्षित असते, पण सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१७ च्या निकालात ते काही अटींवर माफ करता येते असे ठरवले आहे: वेगळे राहण्याचा एक वर्षाचा आणि पुढचा सहा महिन्यांचा काळ पहिल्या अर्जापूर्वीच उलटलेला असावा, समेटाचे प्रयत्न निष्फळ झालेले असावेत, पोटगी व ताब्यासह सर्व वाद खरोखर मिटलेले असावेत. येथे वेगळे राहायला दोन वर्षे होऊन गेली होती. सवलत मिळाली आणि विवाह संपला.

संमतीपत्रातील मुलांविषयीचा भाग पावणेतीन पानांचा आहे. बाकीच्या सर्व अटी दोन पानांत मावल्या. शाळेच्या अर्जात दोन्ही पालकांचे दूरध्वनी क्रमांक द्यायचे, प्रगतिपुस्तक दोघांनाही मिळेल, शस्त्रक्रियेचा निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा, निरोप मुलांमार्फत पाठवायचे नाहीत. शहर बदलायचे असल्यास साठ दिवस आधी लेखी कळवायचे आणि नवे वेळापत्रक प्रथम समुपदेशकांसमोर ठरवून पाहायचे. न जमल्यास कलम २६ खाली अर्ज करता येतो, कारण मुलांविषयीचे आदेश परिस्थितीनुसार बदलण्याचा अधिकार न्यायालयाकडे हुकूमनाम्यानंतरही राहतो. पतीची पुढच्याच वर्षी बदली झाली. लेखी सूचना मुदतीत आली. महिन्याचे दोन मुक्काम एकत्र करून एक लांब आठवडाअखेर ठरला, प्रवासाचा खर्च पतीने उचलला आणि बदललेले वेळापत्रक पुरसीस (लेखी निवेदन) देऊन न्यायालयाच्या नोंदीवर घेतले गेले.